दुकानाच्या नावाशी मिळतीजुळती डोमेन : ५४ नावे विकत घ्यावीत का?

इतवारीकर

इतवारीत आमचे मिठाईचे दुकान आहे. आजोबा अमरावतीकडून नागपुरात आले आणि त्यांनी दुकानाच्या नावात 'वऱ्हाडी' हा शब्द घातला. पूर्ण नाव येथे देत नाही, पण माझा प्रश्न या एका शब्दामुळेच उभा राहिला आहे. गेली काही वर्षे आम्ही संत्रा बर्फी संकेतस्थळावरूनही विकतो आणि बाहेरगावी गेलेले नागपूरकर सणासुदीला तिथूनच मागवतात.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला. त्यांनी पाच किलो बर्फीचे पैसे भरले होते आणि माल पोहोचला नव्हता. आमच्याकडे त्या ऑर्डरची नोंदच सापडेना. त्यांनी दुवा पाठवला, तो मी दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा लक्षात आले की नावात एक 'ए' जास्त आहे. आत आमच्याच डब्यांची छायाचित्रे होती, आमच्या आजोबांचा फोटो होता आणि पैसे भरण्यासाठी कुणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर कोड होता. बाईंना आम्ही बर्फी पाठवली, कारण त्यांनी पैसे आमच्या नावावर विश्वास ठेवून भरले होते. पण आजोबांचा फोटो तिथे पाहून जे वाटले, ते अजून मनातून जात नाही.

आता आम्हाला डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नावे, विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने एक यादी दिली आहे. 'वऱ्हाडी' रोमनमध्ये लिहिताना पहिले अक्षर 'व्ही' किंवा 'डब्ल्यू'. मधला 'ऱ्हा' आर-एच-ए, आर-एच-डबल ए किंवा आर-ए-एच-ए. शेवटचा 'डी' डी-आय, डी-डबल ई किंवा डी-एच-आय. म्हणजे १८ स्पेलिंग झाली. प्रत्येक स्पेलिंग डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट को डॉट इन अशा तीन शेवटांसह घ्यावे, म्हणजे ५४ डोमेन, आणि त्यांचे नूतनीकरण दरवर्षी. खर्च करण्याची तयारी आहे, पण तो योग्य ठिकाणी होतो आहे का हे समजत नाही. ज्यांनी यातून मार्ग काढला आहे त्यांनी कृपया सांगावे.

गांधीबागेतून

आमचा कापडाचा घाऊक व्यापार आहे. आम्ही अशीच बारा नावे घेतली होती आणि तिसऱ्या वर्षी त्यांतल्या अर्ध्यांचे नूतनीकरण करायचे राहून गेले, कारण ज्या मुलाच्या ईमेलवर सूचना येत होत्या तो नोकरी सोडून गेला होता. सोडलेल्या नावांपैकी एक कुणीतरी लगेच उचलले आणि आज तिथे जुगाराच्या जाहिराती दिसतात. आपण कधीच न घेतलेल्या नावापेक्षा आपण वापरून सोडलेले नाव अधिक घातक असते, कारण त्याचे दुवे आधीच लोकांकडे पसरलेले असतात. ५४ घ्याल तर ५४ तारखा सांभाळाव्या लागतील, एवढे लक्षात असू द्या.

परसोडीचा अभियंता

इतवारीकर भाऊ, घडले त्याचे वाईट वाटले. मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो आणि हा विषय रोजचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नावाची नक्कल ढोबळमानाने तीन वाटांनी होते. पहिली वाट बोटाच्या चुकीची: एक अक्षर गळते, दुप्पट होते किंवा शेजारची कळ दाबली जाते. दुसरी डोळ्याच्या चुकीची: 'आर' आणि 'एन' शेजारी आले की 'एम' वाटतो, शून्य 'ओ'सारखे दिसते आणि रशियन लिपीतला 'अ' तर रोमन 'ए'पासून डोळ्यांनी वेगळा करताच येत नाही. तिसरी वाट म्हणजे नाव अगदी बरोबर लिहायचे आणि त्याला 'ऑर्डर', 'ऑफर', 'फ्रँचायझी' असा एखादा शब्द जोडायचा. प्रतिनिधीने दिलेली यादी फक्त पहिल्या वाटेवरची आहे आणि तीसुद्धा पूर्ण नाही. जोडशब्दांना अंत नाही, त्यामुळे ५४च काय, ५४० नावे घेतली तरी तिसरी वाट उघडीच राहते.

आपल्या ग्राहक बाईंनी पत्ता स्वतः टंकलेला होता की कुणी पाठवलेल्या दुव्यावर त्या गेल्या होत्या, हे त्यांना विचारून पाहाल का? उपाय त्यावर ठरेल.

इतवारीकर

विचारले. व्हॉट्सअॅपवर एका सोसायटीच्या गटात 'दिवाळी सवलत' म्हणून दुवा फिरत होता, त्यावरून त्या गेल्या. पत्ता टंकलेला नव्हता.

निवृत्त टपालवाला

मी टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीचे काम केले आहे. पाकिटावर 'महाल'ऐवजी 'माहाल' लिहिलेले असो, 'सीताबर्डी'चे 'सिताबडी' झालेले असो, पत्र पोहोचत असे, कारण मधे वाचणारा माणूस होता आणि त्याला गाव माहीत होते. इंटरनेटचा पत्ता यंत्र अक्षरशः पाळते. एक अक्षर बदलले की ते दुसऱ्याचे घर होते आणि त्या घरात कोण बसले आहे हे विचारणारा मधे कुणी नसतो.

याचे मोठे उदाहरण २०२३ साली वाचले होते. अमेरिकी लष्कराच्या पत्त्यांचा शेवट 'एमआयएल' असतो. त्यातला 'आय' गळला की 'एमएल' उरते आणि तो आफ्रिकेतील माली देशाचा शेवट आहे. एका अक्षराच्या चुकीने लष्कराची असंख्य पत्रे वर्षानुवर्षे त्या देशाच्या पत्त्यांकडे जात राहिली. त्याच जातीची गोष्ट कॅमेरूनची. त्या देशाचा शेवट 'सीएम' असल्यामुळे 'कॉम'मधला 'ओ' राहिला की माणूस तिथे जाऊन पडतो. २००६ मध्ये तिथे अशी व्यवस्था केली गेली होती, की कुणीही न घेतलेले कोणतेही 'सीएम' नाव टंकले तरी जाहिरातींचे पान उघडावे.

धंतोलीची वकील

मी व्यापारचिन्हांच्या कामात आहे. भाऊंचा पहिला प्रश्न डोमेनचा आहे, पण माझा प्रश्न असा, की दुकानाच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी झालेली आहे का? नसेल तर ५४ डोमेनचा विचार करण्याआधी ते काम हाती घ्यावे.

कारण सांगते. डॉट कॉमसारख्या नावांचा वाद 'यूडीआरपी' या धोरणाखाली चालतो. इंटरनेटवरील नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ते १९९९ मध्ये स्वीकारले. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: समोरचे नाव आपल्या व्यापारचिन्हाशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतके मिळते आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क किंवा हितसंबंध नाही आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले असून दुष्ट हेतूनेच वापरले आहे. डॉट इन नावांसाठी, त्यांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचे 'आयएनडीआरपी' हे धोरण आहे. तिथे दुष्ट हेतूने नोंदवणे किंवा वापरणे यांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते, आणि तक्रारदाराला हा फरक मोठा आधार देतो. दोन्हीकडे नाव रद्द होते किंवा आपल्याकडे हस्तांतरित होते. नुकसानभरपाई मिळत नाही, तिच्यासाठी न्यायालयातच जावे लागते. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, एक ते पाच नावांच्या तक्रारीसाठी एका पंचाचे शुल्क १,५०० डॉलर आहे. त्यामुळे प्रत्येक किरकोळ नावामागे तिथे धावणे छोट्या दुकानाला परवडणारे नाही.

आपल्या न्यायालयांची भूमिका या बाबतीत फार जुनी आणि स्पष्ट आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' या संकेतस्थळाचे प्रकरण आले. समोरच्याने 'ई'च्या जागी 'ए' घालून नाव घेतले होते आणि खुलासा असा केला होता की 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' आणि 'फ्री' या शब्दांच्या अक्षरांतून आपण ते घडवले. न्यायालयाने हा खुलासा मानला नाही. डोमेन हा केवळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे, असे त्या निर्णयात म्हटले आहे. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' या इंटरनेट सेवेच्या नावाच्या प्रकरणात हीच भूमिका देशभरासाठी पक्की केली. तिथे तर भांडण एका जास्तीच्या 'एफ'चे होते. आपल्याकडे एक 'ए' जास्त आहे, म्हणजे वाट रुळलेली आहे.

काटोलचा बागायतदार

या चर्चेत मला एक काळजी मांडायची आहे. उद्या कुणी 'नागपूर संत्रा' किंवा 'वऱ्हाडी' या शब्दांची सगळी नावे घेऊन बसला आणि आम्हा शेतकऱ्यांना नोटिसा पाठवू लागला, तर काय करायचे? नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या मातीत पिकवणाऱ्या सगळ्यांसाठी मिळाले. काटोल-नरखेडचा माझ्यासारखा बागायतदार आपल्या फळासाठी संकेतस्थळ काढेल तेव्हा त्यात 'नागपूर' आणि 'संत्रा' हे शब्द येणारच. मिळतेजुळते नाव घेणारा प्रत्येक जण चोर नसतो.

धंतोलीची वकील

काका, आपला मुद्दा अगदी रास्त आहे आणि कायद्यानेही तो ओळखला आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार किंवा उगमस्थान सांगणाऱ्या शब्दांवर सहसा एकट्याचा हक्क मिळत नाही. प्रामाणिकपणे नागपुरी संत्री विकणारा माणूस त्या शब्दांचे डोमेन वापरत असेल, तर त्यात दुष्ट हेतू सिद्ध होणार नाही आणि होऊही नये.

पण याच कलमामुळे इतवारीकरांच्या नावात एक अडचण दडलेली आहे, ती आत्ताच सांगितलेली बरी. 'वऱ्हाडी' हा प्रदेश सांगणारा शब्द आहे. तो एकटा नोंदवायला गेल्यास आक्षेप येण्याची शक्यता मोठी. यावर उपाय दोन. पूर्ण नाव, अक्षररचना आणि चिन्ह एकत्र नोंदवावे आणि अर्जाच्या तारखेपूर्वीच्या दीर्घ वापरामुळे ग्राहक या नावाने फक्त आपल्यालाच ओळखतात, हे पुराव्याने दाखवावे. जुनी बिले, डब्यांचे नमुने, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, अन्नपरवाने असे जे हाती येईल ते जपून ठेवा. दीर्घ वापर करणाऱ्याला कलम ३४ चाही आधार आहे. नंतर नाव नोंदवणारा त्याला सहज हटवू शकत नाही.

मिठाईचा वर्ग ३० आहे आणि दुकानाच्या विक्रीसेवेसाठी वर्ग ३५ घेता येतो. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग ऑनलाइन अर्ज करत असेल, तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडते. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. नोंदणीचा आणखी एक लाभ फारसा कुणी सांगत नाही. नोंदलेल्या चिन्हाचे उल्लंघन झाले तर कलम १३४ प्रमाणे आपण जिथे धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फसवणारा कुठेही बसलेला असो, दावा नागपुरात चालू शकतो. नोंदणी नसेल तर दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्याविरुद्धचा दावा करता येतो, पण ही घरच्या न्यायालयाची सोय त्याला आपोआप मिळत नाही.

महालची लेक

मी बंगळुरूला असते आणि दर संक्रांतीला नागपूरहून काही ना काही मागवते, म्हणून ग्राहकाच्या बाजूने लिहिते. आम्हाला शिकवले गेले आहे की पत्त्याच्या आधी कुलपाचे चिन्ह दिसले की पान सुरक्षित. त्या बनावट पानावर कुलूप होते का?

इतवारीकर

होते. आमच्या पानावर आहे अगदी तसेच.

परसोडीचा अभियंता

ताई, ही समजूत मोडायला हवी, कारण तिच्या आधारावरच पुष्कळ लोक फसतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या पानाच्या मधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस खरा आहे, असे कुलूप सांगत नाही. त्याचे प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळते.

मात्र याच प्रमाणपत्रांमुळे आपल्या हातात एक चांगले साधन आले आहे. २०१८ पासून क्रोम ब्राउझर असा आग्रह धरतो, की दिलेले प्रत्येक नवे प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढवलेले असावे. ही नोंदवही कुणालाही फुकट शोधता येते. ठगाने कुलूप लावण्यासाठी प्रमाणपत्र घेतले, की त्याच्या डोमेनचे नाव तिथे उमटते आणि पुष्कळदा दुवा गटांत फिरू लागण्याआधीच उमटते. आपल्या नावाचा वेगळा ओळखू येणारा तुकडा घेऊन आठवड्यातून एकदा शोध घ्यावा. 'डीएनएसट्विस्ट' नावाचे एक मुक्त साधनही आहे. आपले डोमेन दिले की ते संभाव्य चुकीची नावे तयार करते आणि त्यांपैकी कोणती नोंदली गेली आहेत, कुणाकडे ईमेल घेण्याची सोय आहे, हे दाखवते. पण 'ऱ्हा'ची तीन रोमन रूपे होतात हे त्याला माहीत नाही. मराठी नावांची यादी आपणच करून द्यावी लागते.

इतवारीकर

आपण सांगितल्याप्रमाणे आत्ताच नोंदवहीत शोधले. आमचे अगदी अचूक स्पेलिंग, त्यापुढे आडवी रेघ आणि 'फ्रँचायझी' हा शब्द, असे एक डोमेन सापडले. आम्ही कुणालाही फ्रँचायझी देत नाही. पान उघडले तर त्यावर नोंदणी शुल्क म्हणून काही लाख रुपये मागितले आहेत. हे नाव त्या ५४ मध्ये नव्हतेच.

धंतोलीची वकील

भाऊ, आता वेळ घालवू नका. आधी पुरावा गोळा करा. पूर्ण पत्ता दिसेल अशी छायाचित्रे तारीख-वेळेसह घ्या, पैसे मागणारा खाते क्रमांक, फोन क्रमांक आणि क्यूआर कोड जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, ते कसे करायचे हे वकिलाकडून समजून घ्या. पान बंद पाडल्यावर पुरावा मागायला कुणाकडे जाणार?

फ्रँचायझीची ही फसवणूक मोठ्या नावांनाही चुकलेली नाही. २०२० मध्ये अमूलच्या संस्थेला 'फ्रँचायझी' जोडलेल्या बनावट डोमेनविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले होते. फसवणारा कोण हे माहीत नसताना 'अशोक कुमार' या कल्पित नावाने प्रतिवादी दाखवून दावा लावण्याची प्रथा आपल्याकडे आहे, त्यामुळे नाव कळले नाही म्हणून अडून बसू नये. फौजदारी बाजूने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

परसोडीचा अभियंता

यात माझी भर एवढीच. पैसे गेलेल्या ग्राहकाने ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. दुकानाने राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करावी आणि त्याच दिवशी ज्या निबंधक कंपनीने ते डोमेन विकले तिच्या गैरवापर विभागाला पुराव्यासह लिहावे. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारात सुधारणा झाली आहे. फिशिंगचा, म्हणजे बनावट पानाने लोकांना फसवण्याचा, कारवाईयोग्य पुरावा मिळाल्यावर ते थांबवण्यासाठी योग्य पावले उचलणे निबंधकावर बंधनकारक आहे. 'आमच्या नावाची नक्कल झाली' असे लिहिले तर तो वाद तुमचा तुम्ही मिटवा, असे उत्तर येते. 'या पानावर आमच्या नावाने पैसे उकळले जात आहेत, हा खाते क्रमांक, ही फसलेल्या ग्राहकाची पावती' असे लिहिले तर पान बंद होते. शब्दांच्या या फरकाने किती दिवस वाचतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. गूगलच्या सुरक्षित ब्राउझिंग सेवेलाही कळवा, म्हणजे ते पान उघडणाऱ्याला लाल इशारा दिसू लागेल.

सीताबर्डीचा हिशेबनीस

आतापर्यंत सगळे पानांबद्दल बोलत आहेत. मला ईमेलबद्दल लिहायचे आहे, कारण मोठी रक्कम तिथून जाते.

मी ज्या कारखान्याचे हिशेब पाहतो, तिथे कच्चा माल पुरवणाऱ्याच्या नावाने एक पत्र आले की आमचे बँक खाते बदलले आहे, पुढची रक्कम नव्या खात्यात भरावी. पत्राखाली आधीचा सगळा खरा पत्रव्यवहार जोडलेला होता. पुरवठादाराच्या नावात 'एम' होता आणि त्या पत्त्यात 'आर' आणि 'एन'. लहान अक्षरांत तो फरक मला दिसला नाही. रक्कम गेली ती परत आली नाही. त्या दिवसापासून खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आले, की मी जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून माणसाच्या आवाजात खात्री करतो. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर कधीच फोन करत नाही.

उलट दिशेचा धोकाही आहे. तुमचे ग्राहक आणि व्यापारी चुकीच्या पत्त्यावर स्वतःहून पत्रे पाठवत असतात. २०११ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या पत्त्यांतला एक टिंब गाळून तयार होणारी डोमेन घेऊन ठेवली आणि नुसती वाट पाहिली. सहा महिन्यांत त्यांच्याकडे १,२०,००० पत्रे येऊन पडली. कुणालाही फसवावे लागले नाही.

परसोडीचा अभियंता

हिशेबनीस साहेबांनी फार महत्त्वाची गोष्ट मांडली. यात एक खुलासा आवश्यक आहे. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी प्रत्येकाने आपल्या डोमेनवर लावाव्यात. त्यांनी आपल्या अचूक पत्त्याच्या नावाने खोटे पत्र पाठवणे अवघड होते. पण मिळत्याजुळत्या डोमेनवरून आलेले पत्र या तपासणीत बिनदिक्कत उत्तीर्ण होते, कारण ते डोमेन ठगाच्या स्वतःच्या मालकीचे असते. आणि आपण राखण म्हणून जी नावे विकत घेऊ, त्यांवर 'येथून कुठलेही पत्र निघत नाही' अशी नोंद करायला विसरू नये.

लक्ष्मीनगरचा मुद्रक

मी डबे आणि पिशव्या छापतो. रोमन स्पेलिंगचा एवढा त्रास आहे, तर देवनागरीतच पत्ता का घेऊ नये? डॉट भारत २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्यात मराठी चालते.

परसोडीचा अभियंता

विचार मनाला पटणारा आहे आणि आपल्या लिपीत पत्ता असावा असे मलाही वाटते. पण नेमका 'वऱ्हाडी' हा शब्द तिथेही सरळ नाही. 'ऱ्ह' संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. जोडचिन्ह राहिले की रफार चढतो आणि 'वर्हाडी' होते. पुष्कळ लोक मोबाइलवर तसेच लिहितात. शिवाय 'डी' ऱ्हस्व की दीर्घ हा घोळ आहेच. देवनागरी नाव अवश्य घ्या, पण ते मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा.

महालची लेक

मला ग्राहक म्हणून एक साधी गोष्ट हवी आहे. ज्या डब्यातून मी आयुष्यभर बर्फी खाल्ली, त्या डब्यावर पत्ता मोठ्या, सुट्या अक्षरांत छापलेला असावा आणि त्याखाली 'आम्ही याच पत्त्यावर ऑर्डर घेतो, व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागत नाही, फ्रँचायझी देत नाही' असे स्पष्ट लिहिलेले असावे. डबा घरात असतो. गटात दुवा आला की मी डब्याकडे पाहीन. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनेही काहीसे असेच केले आहे ना? सगळ्या बँकांनी 'बँक डॉट इन' या शेवटावर यावे, अशी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

धंतोलीची वकील

होय, आणि त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. त्या शेवटाची नावे एकाच संस्थेकडून, तीही फक्त बँकांनाच मिळतात, म्हणून ग्राहकाला फक्त शेवट ओळखायला शिकवले की पुरते. मिठाईवाल्यांसाठी असा राखीव शेवट नाही, म्हणून डब्यावरची ओळ हवी. मुद्रक भाऊंना विनंती, की जुन्या डब्यांचे ठसे किंवा नमुने असतील तर ते फेकू नका. नोंदणीच्या अर्जासाठी तो पुरावा आहे.

लक्ष्मीनगरचा मुद्रक

इतवारीकरांचे डबे माझ्या वडिलांनीच छापलेले आहेत. जुने ठोकळे माळ्यावर आहेत, काढून ठेवतो.

गांधीबागेतून

मूळ प्रश्न बाजूला पडू नये म्हणून विचारतो. शेवटी ५४ घ्यायची की नाही?

परसोडीचा अभियंता

माझे स्पष्ट मत : घ्यायची नाहीत. जी चूक आपले ग्राहक खरोखर करतात, तेवढीच नावे घ्यावीत, आणि ती कोणती हे विक्रेत्याच्या यादीत नसून दुकानाच्या कागदांत असते. ग्राहकांचे संदेश, कुरियरच्या चिठ्ठ्या, व्यापाऱ्यांची बिले, चुकून परत आलेली ईमेल चाळून पाहा, लोक आपले नाव रोमनमध्ये कसे लिहितात. मराठी माणूस 'वऱ्हाडी' लिहितो तेव्हा तो बोटाने चुकत नाही, त्याला जसे ऐकू येते तसे तो लिहितो. ते त्याच्या दृष्टीने बरोबरच असते. अशी स्पेलिंग आपली म्हणून घ्यावीत आणि मुख्य पत्त्याकडे वळवावीत. बाकीच्यांवर फक्त नजर ठेवावी.

इतवारीकर

आठ दिवसांनी लिहितो आहे. फ्रँचायझीचे पान निबंधकाने बंद केले. एक 'ए' जास्त असलेले डोमेन अजून त्या माणसाच्या नावावर आहे, पण त्यावरचे पान उतरले आहे. ते डॉट इन असल्यामुळे निक्सीकडे तक्रार करण्याविषयी वकील ताईंशी बोललो आहे. पूर्ण नावाचा अर्ज दोन्ही वर्गांत दाखल करतो आहोत.

अभियंता साहेबांच्या सांगण्यावरून मी आणि माझ्या काकांनी दोन वर्षांच्या कुरियर चिठ्ठ्या आणि संदेश काढून पाहिले. १८ पैकी तीनच स्पेलिंग पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले एक आमचे स्वतःचे. दुसरे 'डब्ल्यू'ने सुरू होणारे, जे मुख्यतः वयस्कर ग्राहक लिहितात, आणि त्याचे कारण काकांनी सांगितले: आजोबांनी दुकानावर लावलेल्या पहिल्या पाटीवर इंग्रजी नाव 'डब्ल्यू'नेच रंगवलेले होते. 'व्ही' आम्ही संकेतस्थळ काढताना केला. म्हणजे ज्याला विक्रेत्याची यादी चुकीचे स्पेलिंग म्हणत होती, ते आमच्या दुकानाचे पहिले नाव आहे. तिसरे शेवटी डबल ई असलेले. उरलेली दोन्ही स्पेलिंग डॉट कॉम आणि डॉट इनमध्ये घेतली, एकूण चार नावे. त्यांच्या नूतनीकरणाच्या सूचना दुकानाच्या सामाईक पत्त्यावर आणि काकांच्या फोनवर येतील अशी सोय केली. देवनागरी नावही घेतो आहोत.

मुद्रक भाऊ, डब्याचे प्रूफ मिळाले. पत्त्याखालची ओळ आणखी एक माप मोठी करावी आणि पत्त्यातला 'आर' आणि त्याच्या शेजारचा 'एच' यांत थोडी जागा सोडावी. काकांना चष्मा न लावता वाचता आले की छपाई सुरू करा.